संकासुराच्या अंगाचा वास

पालीच्या बाजारात भागोजी गोताड दिसण्याआधी त्याचा वास पोचायचा. सुक्या मासळीच्या पाट्या, गुळाच्या ढेपा, उभ्या एसटीचा धूर, या सगळ्यांतून वाट काढत गवती चहाचा हिरवा, लिंबासारखा, नाकात झणझणणारा वास पुढे यायचा. मागून हा बुटका, शेवग्याच्या शेंगेसारखा वाळलेला माणूस, हातात बाटल्यांची पिशवी धरून. हॉटेलवाला गल्ल्यावरून हाक मारायचा, "भागोजी, वायच आत येऊन उभा ऱ्हा. चहात पाती टाकायची वाचंल." भागोजी खरोखरच आत जाऊन उभा राहायचा आणि फुकटचा चहा पिऊन बाहेर पडायचा.

त्याचं गाव पालीपासून आत, डोंगराच्या अंगाला. वरची वाडी, खालची वाडी, मध्ये पाण्याचा वहाळ आणि माथ्यावर काळाकभिन्न कातळ पसरलेला. बरोबरीची पोरं मुंबईला गेली तेव्हा हा एकटा दापोलीला गेला, कृषी विद्यापीठाच्या बागेत कलमांना पाणी घालायच्या कामावर. तिथल्या एका शेडमध्ये त्याने गवतातून तेल निघताना पाहिलं आणि तो खुळावला. परत येताना ओल्या गोणपाटात गवती चहाचे ठोंब बांधून आणले. कंडक्टरने ते ओझं टपावर टाकायला लावलं म्हणून भागोजीही टपावर बसून आला, असं गावात सांगत. खरं खोटं देव जाणे, पण गोष्ट त्याला शोभण्यासारखी होती.

कातळावरच्या मातीच्या चिमटीत आणि वहाळाच्या काठाने त्याने ठोंब लावले. गुरं तोंड लावीनात, म्हणजे कुंपणही नको. फणसाखाली भट्टी बसली. डांबराचं जुनं पिंप, तांबटाकडून वळवून घेतलेली तांब्याची नळी, नळी बुडवायला पाण्याचं टाकं. धाकटा भाऊ धोंडू मुंबईहून आला की हसायचा. म्हणायचा, दादाने दारूची भट्टी लावली असती तर गावाने डोक्यावर घेतला असता.

भट्टीचं काम लांबून शांत दिसतं. जवळून पाहिलं तर ती मारामारी असते. कापलेलं गवत पिंपात कोंबायचं, त्याच्यावर उभं राहून नाचून ते दडपायचं, झाकण मातीने लिंपून खाली जाळ घालायचा. वाफ पातीच्या अंगात घुसते, ते फोडते आणि आतला जीव ओढून नळीतून बाहेर आणते. बाटलीत पाण्यावर पिवळी साय धरते, ते तेल. एकदा लिंपण कच्चं राहिलं आणि झाकण बंदुकीसारखं उडालं. भागोजीच्या उजव्या हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी गेली. नवी आली ती गुलाबी, आणि जन्मभर तशीच राहिली.

पण त्या तेलाने काय काय केलं. गोठ्यात फडक्याला लावून टांगलं की गोमाश्या दाराबाहेर घोंघावत राहायच्या. भाताच्या कणगीत चार थेंबांची चिंधी टाकली की किडा फिरकत नसे. शिंप्याच्या मांडीवरचं वर्षानुवर्षांचं गजकर्ण खोबरेलातून लावलेल्या तेलाने गेलं आणि शिंपी त्याची गोष्ट गिऱ्हाइकांना मापं घेताना सांगू लागला. दालचिनीच्या पानांचं तेलही भागोजी काढायचा. किडक्या दाताखाली त्याचा बोळा धरला की दात असा बधिर व्हायचा की माणूस आपलाच गाल चावून घ्यायचा. खालच्या वाडीचा गंगाराम मांडवकर, बैलाला शिंगं धरून बसवणारा आडदांड गडी, एकदा दाढदुखीने रडत भागोजीच्या पडवीत आला होता. बरा होऊन हसत गेला. पुढे कितीतरी दिवस तो भागोजीला "डाक्टर" म्हणत असे.

यात काय असतं, असं कोणी विचारलं की भागोजी गंभीर व्हायचा. दापोलीच्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं, वास देणारं आणि किडा मारणारं द्रव्य एकच, त्याला सायट्रल म्हणतात. भागोजीच्या तोंडी ते शित्राळ झालं. "शित्राळाला मापात ठेवावं लागतं," तो म्हणायचा. "चार थेंब असला तर देवमानूस. पळीभर झाला तर राक्षस." हे तो सगळ्या गावाला सांगत असे, आणि एका शिमग्यात स्वतःच विसरला.

शिमग्यात भागोजी संकासुर व्हायचा.

शिमग्याला घरोघर नाचत फिरणाऱ्या गावच्या खेळ्यांत संकासुर म्हणजे देवाच्या पालखीच्या पुढे चालणारा राक्षस. काळा अंगरखा, कमरेला घुंगरांचा पट्टा, तागाची पांढरी दाढी, हातात लाकडी मुठीचा चाबूक, म्हणजे कोरडा, आणि तोंडावर पांगाऱ्याच्या लाकडात कोरलेला मुखवटा. तो आधी अंगणात येणार, घुंगरं खळखळवणार, पोरांना पळवणार. मग घरातला आजारी, अडलेला, नवस बोललेला माणूस त्याच्यासमोर पाठ करणार आणि संकासुर हलकाच कोरडा मारणार. तो मार खाल्ला की पीडा जाते. संकासुराला दार बंद करायचं नाही, त्याला नावाने हाक मारायची नाही आणि घरात असताना त्याचा मुखवटा उतरता कामा नये. आत कोण आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असतं, पण मुखवटा आहे तोवर ते कोणालाच ठाऊक नसतं. एरवी बाजारात कोपऱ्यात उभा राहणारा भागोजी घुंगरं बांधली की हातभर उंच दिसायचा. त्याची चाल बदलायची, मान बदलायची. बाया पदर सावरून मागे सरायच्या आणि त्याची बायको सखूही त्यांच्यात असायची.

पंच्याऐंशी सालचा शिमगा. मुखवट्याला भुंगा लागला होता. हनुवटीपाशी बारीक भोकं, खाली पिठासारखा भुसा. खेळ्यांचा म्होरक्या बाबाजी हळहळला, कारण तो मुखवटा त्याच्या आज्याच्या हातचा. भागोजी म्हणाला, माझ्याकडे सोपवा. त्याने कापसाच्या बोळ्याने मुखवट्याला आतून बाहेरून तेल पाजलं. भुंगे भोकांतून पाय झाडत बाहेर पडले आणि मेले. ते पाहून त्याला इतका आनंद झाला की पालखी निघायच्या दिवशी सकाळी त्याने आणखी एक हात आतून दिला. खोबरेल न घालता, नुसतं. पांगाऱ्याचं लाकूड पोकळ, ते तेल पिऊन बसलं. वरून बोट लावलं तर कोरडं लागायचं.

त्या वर्षी गाव आधीच तापलेलं होतं. पालखी देवळातून उचलायचा पहिला खांदा वरच्या वाडीचा की खालच्या, यावरून आदल्या शिमग्यात शिवीगाळ झाली होती. गावकार आप्पांनी समेट केला. पहिला खांदा खालच्या वाडीचा, पुढचा दांडा गंगारामाकडे. वरच्या वाडीने दात खाऊन मान्य केलं. मुंबईहून आलेला धोंडू तर कमरेला कोयती लावूनच देवळात आला होता. नारळ फोडायला, असं तो सांगत होता.

भर दुपार. ढोल सुरू झाले. संकासुर पालखीपुढे उलट्या पावलांनी नाचू लागला, पालखीकडे तोंड करून. मुखवट्याच्या आत घाम फुटला. घाम लाकडात मुरला आणि लाकडाने प्यालेलं तेल घेऊन परत डोळ्यांत उतरला.

निखारा पापणीखाली सरकवावा तसं झालं. भागोजीला वाटलं, डोळे फुटले. ओरडायचं नाही, मुखवटा काढायचा नाही, हे हाडात मुरलेलं. तो आंधळ्यासारखा गरागरा फिरला, हात हवेत फेकले, आणि कोरड्याची लाकडी मूठ पुढच्या दांड्याखाली असलेल्या गंगारामाच्या नाकावर कडकन बसली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज ढोलातूनही ऐकू आला. गंगाराम गुडघ्यावर आला. दांडा सुटला आणि देवाची पालखी मातीला टेकली.

क्षणभर एकही ढोल वाजला नाही.

मग खालच्या वाडीतून कोणीतरी म्हणालं, "मुद्दाम मारला." एवढंच पुरे झालं. नारळ डोक्यांवर फुटू लागले. ढोलाच्या टिपऱ्या, पालखीच्या टेकणीच्या काठ्या, देवळाच्या कुंपणाचे चिरे, हाताला येईल ते हत्यार झालं. एका म्हाताऱ्याचा कान फाटून लोंबू लागला. रक्ताने माखलेला गंगाराम उठला, त्याने संकासुराला आडवा पाडला, छातीवर बसला आणि मुखवट्याच्या खाली हात घालून गळा आवळला. भागोजीला काही दिसत नव्हतं. त्याच्या टाचा माती उकरत होत्या, घुंगरं वाजत होती, आणि हळूहळू ती वाजायची थांबत होती.

धोंडूने ते पाहिलं आणि कोयती काढली. वार गंगारामाच्या पोटरीत बसला, एवढा खोल की कोयती ओढून काढायला पाय द्यावा लागला.

संध्याकाळी पोलिसांनी धोंडूला बेड्या घालून रत्नागिरीला नेलं. तो भागोजीला एवढंच म्हणाला, "दादा, तुजा जीव जात हुता." भागोजी सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून त्याच्याकडे बघत राहिला. कोरडा कसा बसला, का बसला, हे त्याने आप्पांना सांगितलं, हवालदारांना सांगितलं. हवालदार हसले. तेलाने डोळे गेले म्हणून नाक फोडलं, असं त्यांनी याआधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खालच्या वाडीची माणसं वहाळ ओलांडून आली. पुढे गंगारामाचा भाऊ रामा. त्यांनी पहारींनी पिंप फोडलं, नळी पिळून तिची गाठ मारली आणि साठवलेल्या तेलाचे डबे उलटे करून त्यावर पेटती पेंढी टाकली. तेल भपकन पेटलं. फणस बुंध्यापासून शेंड्यापर्यंत जळाला. आगीचा लोळ वहाळावरून खालच्या वाडीकडे झुकला तेव्हा पेटवणारेच ओरडत पळाले, आणि एकाचं धोतर पेटलं ते त्याने पाण्यात बसून विझवलं. सगळ्या गावावर लिंबाचा गोड वास पसरला. त्या रात्री खालच्या वाडीत कोणाला डास चावला नाही, असं पुढे गावातले लोक हसून सांगायचे. त्या दिवशी कोणी हसलं नाही. वरच्या वाडीची पोरं काठ्या घेऊन निघाली होती, त्यांना भागोजीनेच वहाळात उतरणाऱ्या पायऱ्यांवर आडवं पडून थांबवलं. त्यांच्यातल्या दोघांनी त्याला तुडवूनच पुढे जायचा प्रयत्न केला.

त्यानंतर दोन्ही वाड्यांत आग-पाणी बंद झालं. इकडचा निखारा तिकडे जायचा नाही, तिकडचा घोट इकडे प्यायचा नाही. विहीर मात्र एकच होती. बाया यायच्या, एकमेकींकडे न बघता कळशा भरायच्या. गंगारामाची बायको मैना एकदा रहाटाशी उभी राहून आपल्या कळशीशी बोलू लागली. पलीकडे सखू दोर गुंडाळत होती.

"पायात किडे पडलेत," मैना कळशीला म्हणाली. "पालीच्या डाक्टरानं टाके घातले, रोज ये म्हनाला. पन वाट वरच्या वाडीतनं जाते. डोलीत निजून दुश्मनाच्या दारावरनं जायचा न्हाय, म्हनतो. आता डाक्टरच घरी येऊन सांगून गेला, रत्नांगिरीस न्या, न्हायतर मानूस जाईल. तिथं पाय कापतील म्हनून उशाशी कोयती घेऊन पडलाय. हात लावील त्याच्यावर उगारतो. काल माझ्यावर उगारली."

सखूने घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. भागोजी मनात हिशेब मांडू लागला. गंगाराम गेला तर धोंडूवर खुनाचा खटला. गंगाराम गेला तर रामा आणखी कोणाला तरी मारणार, मग इकडचा कोणी तिकडे जाणार, आणि ते रक्त धुवायला वहाळाचं पाणी पुरायचं नाही. हे सगळं एका मुखवट्याला दिलेल्या जादा हातामुळे. आपण भुंगे मारायला निघालो होतो.

बैलाच्या जखमेतले किडे त्याने तेलाने काढले होते. नुसतं तेल घालून. बैल दावं तोडून वहाळापर्यंत पळाला होता. माणसाला ते सोसेल का, याचं उत्तर त्याच्या स्वतःच्या पापण्यांवर होतं. घरात कोनाड्यात त्या तेलाची एक बाटली आणि दालचिनीच्या तेलाची एक कुपी तेवढी वाचली होती. त्याने वाटीभर खोबरेल कोमट केलं, त्यात मोजून थोडे थेंब टाकले, वर दालचिनीच्या तेलाचे दोनच, बधिरपणासाठी. आपल्या दंडावर ब्लेडने ओरखडा काढून त्यावर ते लावून पाहिलं. चरचरलं, पण त्याने दात आवळून सोसलं. तेवढं बरोबर, असं त्याने ठरवलं आणि ते मिश्रण रिकाम्या बाटलीत भरलं.

प्रश्न होता तो उंबऱ्याचा. गोताडांच्या घरचं तेल मांडवकरांच्या घरात विष म्हणूनच ओतून दिलं गेलं असतं, आणि ते घेऊन जाणारा परत आला नसता.

पालखी मात्र फिरायची होती. घरं घ्यायची राहिली तर देव वर्षभर गावावर रागावेल, म्हणून आप्पांनी हवालदारांना मध्ये घालून ठरवलं की पालखी म्हातारी माणसं नेतील, काठ्या कोणी आणायच्या नाहीत, आणि संकासुर म्हणून बाबाजी जाईल. भागोजीने खालच्या वाडीत पाऊल टाकलं तर ते पाऊल तिथेच राहील, असं रामाने सांगून ठेवलं होतं.

पालखी खालच्या वाडीत जायच्या सकाळी भागोजी बाबाजीकडे गेला आणि मुखवटा मागितला. म्हातारा साठ वर्षं खेळ्यांत नाचलेला. त्याने एकच विचारलं, "उतरला तर?"

"उतरला तर मी भागोजी," तो म्हणाला. "मंग काय व्हायचं ते व्हईल."

बाबाजीने मुखवटा राखेने घासून, उन्हात वाळवून ठेवला होता. तरी त्याला वास होताच. त्याने आपल्या हातांनी भागोजीच्या डोक्यामागे दोरी बांधली आणि गाठीवर गाठ मारली.

मांडवकरांच्या अंगणात घुंगरं वाजली तेव्हा उन्हं कलली होती. रामा दारात उभा होता. संकासुराला अडवायचं नाही, म्हणून तो बाजूला सरला, पण त्याच्या नाकपुड्या हलल्या. वास त्याला आला. गावात अजून जळक्या फणसाचा वास भरून होता, त्यामुळे त्याची खात्री पटेना. गंगारामाची म्हातारी आई चिमा पुढे आली, तिने संकासुराच्या पायांवर पाणी घातलं आणि त्याला माजघरात नेलं.

आत दुर्गंधीने डोकं फिरत होतं. गंगाराम वाळक्या लाकडासारखा पडला होता, डोळे तापाने लाल, मोडलेलं नाक वाकडं, हात कोयतीवर. पोटरीवरचं फडकं हलत होतं. आत जे वळवळत होतं त्यानेच ते हलत होतं.

संकासुराने एकदा घुंगरं खळखळवली, कोरडा बाजूला टाकला आणि गंगारामाच्या मांडीवर गुडघा रोवला. फडकं ओढलं, अंगरख्यातली बाटली काढली आणि अर्धी जखमेत ओतली.

गंगाराम असा ओरडला की अंगणातल्या पालखीवाल्यांनी पालखी घट्ट धरली. पांढरे किडे गाठी गाठींनी उकळत वर आले, चटईवर सांडले, आणि संकासुर बोटाने ते निपटून काढू लागला. गंगारामाने कोयती फिरवली. ती संकासुराच्या खांद्यात बसली. अंगरखा फाटला, खाली मांस फाटलं. त्याने कोयतीचा हात धरून भुईवर आपटला, दोनदा, तिसऱ्यांदा ती सुटली. मग गंगाराम दातांनी लढला. संकासुराचा अंगठा त्याच्या दातांत सापडला आणि हाडाला दात लागल्याचा आवाज झाला, तरी दुसरा हात जखमेत तेल ओततच होता. आणि त्या झटापटीत गंगारामाची बोटं मुखवट्याच्या कडेत अडकली.

त्याने ओढलं. बाबाजीची पहिली गाठ सुटली.

दारात रामा उभा राहिला होता. हातात कुऱ्हाड.

मुखवटा हनुवटीवरून वर सरकला, तागाची दाढी बाजूला झाली, आणि तिथून भागोजीची भाजलेली, सुजलेली कातडी दिसणार तोच दोन सुरकुतलेले हात पुढे आले. चिमा म्हातारीने मुखवटा दोन्ही तळव्यांनी धरला आणि पुन्हा त्याच्या तोंडावर दाबला. एवढ्या जोराने दाबला की आत भागोजीचा ओठ दातांवर फुटला. तिचं तोंड त्याच्या कानाशी होतं. वास तिने घेतला होताच, अंगणात पाणी घालतानाच.

"काम कर," ती म्हणाली. "मी धरलाय."

मग रामाकडे न बघता तिने दरडावलं, "कुऱ्हाड बाहेर ठेव. देवाचा संकासुर हाय. भावाचे पाय धर."

रामा जागचा हलला नाही. म्हातारीने मान वळवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने कुऱ्हाड भिंतीला टेकवली, आत आला आणि भावाच्या पायांवर बसला. भागोजीच्या खांद्याचं रक्त त्याच्या धोतरावर ठिबकत होतं. त्या दोघांनी गंगारामाला भुईवर दाबून धरलं आणि म्हातारीने मुखवटा. शेवटचा किडा निघेपर्यंत कोणी पकड ढिली केली नाही. दालचिनीचं तेल कामाला लागलं तसा गंगारामाचा आवाज हुंदक्यांवर आला, मग थांबला.

संकासुर बोलत नसतो. भागोजीने जखमेकडे बोट दाखवलं, मग दाराबाहेर, रत्नागिरीच्या दिशेने हात केला, आणि कोरडा उचलून गंगारामाच्या उशाशी भुईवर फाडकन मारला. देवाची आज्ञा म्हणून ते पुरे होतं. संध्याकाळच्या आत डोली वरच्या वाडीतून गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वरच्या वाडीची माणसं उभी होती आणि आप्पांच्या सांगण्यावरून सगळ्यांनी पाठ फिरवली होती, गंगारामाला कोणी बघू नये म्हणून. सरकारी इस्पितळात त्याला सुया टोचल्या, पोटरीचं सडलेलं मांस कापून काढलं आणि पाय राहिला. तेलाने तो वाचला असं भागोजी कधी म्हणाला नाही. तेलाने किडे काढले, वाचवला सुयांनी, असं तो सांगायचा. पण डोलीत बसवला कोणी, हे विचारलं की बाटल्यांची पिशवी उचलून चालू लागायचा.

धोंडूला सजा झाली, पण ती परत येण्याजोगी होती. भट्टी कोणी जाळली ते पोलिसांना कळलं नाही. भागोजीचा अंगठा पुढे कधी नीट वळला नाही, आणि उजव्या डोळ्यावर एक पांढरा ठिपका राहून गेला. पावसात त्याने पुन्हा ठोंब लावले. नवं पिंप मिळेपर्यंत तो चुलीवर तांब्याच्या हंड्यात थोडं थोडं तेल काढायचा आणि सखू खोकत खोकत त्याला शिव्या द्यायची. गंगाराम बाजारात समोर आला की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा, लंगडत, मुद्दाम सावकाश.

पुढच्या शिमग्यात मुखवट्याला भागोजीने तेलाचं बोट लावलं नाही. भुंगा लागला तर लागू दे. पालखी खालच्या वाडीत आली. मांडवकरांच्या पडवीत गंगाराम बसला होता, पाय लांब करून. अंगणात दोन्ही वाड्यांची माणसं उभी होती. संकासुर घुंगरं वाजवत समोर आला, तेव्हा रीतीप्रमाणे गंगारामाने पाठ करायला हवी होती. त्याने पाय पुढे केला.

संकासुर थबकला. मग त्याने वाकून त्या वेड्यावाकड्या पोटरीवर कोरड्याचं टोक टेकवलं, फुलाने मारावं तसं.

गंगारामाने कोरडा पकडला. त्याच्या हातातून खेचून घेतला, भिंतीला धरून उठला, आणि सगळ्या गावादेखत संकासुराच्या पाठीवर असा वार काढला की काळा अंगरखा उभा फाटला. संकासुरावर हात उगारलेला त्या गावात कोणी पाहिलेला नव्हता. वरच्या वाडीतून चार माणसं पुढे धावली. संकासुराने हात आडवा केला आणि ती थांबली. तो तसाच उभा राहिला, वाकला नाही, पुढच्या वाराची वाट बघत.

दुसरा वार आला नाही. गंगाराम धापा टाकत होता. त्याने मुखवट्याजवळ वाकडं नाक नेलं आणि एक श्वास ओढला.

"औंदा वास न्हाय," तो म्हणाला.

त्याने कोरडा उलटा धरून मूठ संकासुराच्या हातात दिली आणि खाली बसला. "जा आता फुडच्या घरी. लोक खोळंबलेत." चिमा म्हातारी दारात नारळ घेऊन उभी होती. तिने तो संकासुराच्या पायाशी फोडला, एका घावात, आणि ढोल वाजू लागले.

घरी आल्यावर भागोजी पालथा पडला. पाठीवर मनगटाएवढी जाड, लाल रेघ उठली होती. सखूने कोनाड्यातली बाटली काढली आणि बूच उघडलं.

"नुसतं वतू काय?" तिने विचारलं. "मोटा संकासुर ना तू."

"खोबरेल घाल गो," भागोजी उशीत तोंड खुपसून म्हणाला. सखूने घातलं, पण जरा कमीच.